हौदातला मासा

शास्त्रभाग : अनुवाद १४:२१, २ शमुवेल १२:१-१३, रोमकरांस पत्र १४:१३-२३



पाळकाच्या टपालात नाना प्रकारची पत्रे येतात. कोणी आजाऱ्यासाठी प्रार्थना मागतो, कोणी मुलीच्या विवाहाविषयी सल्ला विचारतो, कोणी एखाद्या कठीण वचनाचा अर्थ पुसतो. गतवर्षीच्या पावसाळ्यात मात्र एक असे पत्र हाती पडले की, ते पहिल्यांदा वाचताना मला हसू आले आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले. पत्र लिहिणारे बंधू मूळचे आपल्या नगर जिल्ह्यातले, परंतु नोकरीनिमित्त मध्य प्रदेशातील एका रेल्वे-वसाहतीत राहणारे. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता : "पाळलेला मासा मेल्यावर खाल्ला, तर ते पाप आहे काय?" त्या कुटुंबाच्या संमतीने, नावगाव न देता, ही हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे.

दोन वर्षांपूर्वी या बंधूंनी आठवड्याच्या बाजारातून दोन मरळ मासे आणले. मरळ हा मासा बाजारात टोपात जिवंत विकतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एकाचे त्याच रात्री कालवण झाले. दुसरा बादलीत सकाळपर्यंत जिवंत राहिला, आणि घरातल्या सात वर्षांच्या मुलाने तो मारू दिला नाही. मागल्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात त्याची सोय झाली. मुलाने त्याचे नाव 'काळू' ठेवले. शाळेतून आल्यावर तो पावसाळ्यात गांडुळे शोधून आणी, एरवी आजीने काढून ठेवलेले माशाचे तुकडे टाकी. वाटीचा आवाज झाला की काळू वर येई. असे दोन वर्षे चालले.

श्रावणातल्या एका सकाळी, मुलगा शाळेत गेल्यावर, आजी पाणी काढण्यासाठी हौदाशी गेली आणि पाहते तो मासा मरून पडलेला. तिने तो उचलला, कल्ले उघडून पाहिले. ते लाल होते, डोळे स्वच्छ होते, अंग घट्ट होते. जीव जाऊन फार वेळ झालेला नव्हता. तिने तो साफ केला आणि दुपारच्या जेवणाला त्याचे कालवण केले. मुलगा आला, हातपाय धुऊन बसला, दोन घास खाल्ले आणि त्याने विचारले, "आजी, आज बाजार नाही, मासा कुठला?" आजी खोटे बोलणारी बाई नव्हे. तिने जे होते ते सांगितले.

मुलगा ताटावरून उठला आणि अंगणात जाऊन ओकला. त्या दिवसापासून तो आजीच्या शेजारी बसेना. जेवणापूर्वी आजी उपकारस्तुती करू लागली की तो उठून बाहेर जाई. असे तीन आठवडे चालले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन होते. आजी उपासनेला गेली, परंतु मेजाजवळ गेली नाही. तिच्या मुलाने कारण विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "लेकराच्या मनात माझ्याविषयी काही आहे. मी कशी जाऊ?"

त्या बंधूंनी शेवटी लिहिले होते, "पाळकसाहेब, शास्त्रात मनाई असेल तर मी आईला सांगतो. मनाई नसेल तर मुलाला समजावतो. निकाल काय तो द्या."

प्रियजनहो, निकाल देणे सोपे होते. परंतु मला भीती ही वाटली की, निकाल कोणत्याही बाजूने दिला तरी खटला जिंकला जाईल आणि घर हरेल.

१. नियमशास्त्र काय सांगते?

तथापि प्रश्न शास्त्राचा आहे, म्हणून प्रथम शास्त्राकडे वळू.

लेवीय ११:९-१२ मध्ये पाण्यातल्या प्राण्यांविषयी नियम आहे. ज्यांना पर आणि खवले आहेत ते इस्राएलाने खावेत, ज्यांना नाहीत ते खाऊ नयेत. मरळ माशाला पर आहेत आणि खवलेही आहेत. तेव्हा जातीने तो अशुद्ध ठरत नाही. आता मेलेल्याचा प्रश्न. आपोआप मेलेल्या पशूविषयीही नियम सांगितले आहेत. लेवीय ११:३९-४० आणि १७:१५ यांप्रमाणे असे मांस खाणाऱ्याने वस्त्रे धुवावीत आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावे. अनुवाद १४:२१ मध्ये तर स्पष्ट मनाई आहे. असे मांस इस्राएलाने खाऊ नये, ते वेशीच्या आतल्या उपऱ्याला द्यावे किंवा परक्याला विकावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, परक्याला देण्यास मोकळीक आहे. म्हणजे ते मांस विष होते म्हणून ही मनाई नव्हती, तर इस्राएल हे परमेश्वराचे पवित्र प्रजाजन होते म्हणून होती. दुसरी ही की, यहूदी शास्त्रवेत्त्यांनी हा नियम माशांना लावला नाही. गणना ११:२२ मध्ये मोशे मेंढरे व गुरे कापण्याची गोष्ट बोलतो, पण समुद्रातले मासे गोळा करण्याची बोलतो. त्यावरून त्यांनी असे ठरवले की, पशूला विधिपूर्वक कापावे लागते, माशाला लागत नाही. तो गोळा केला की पुरे. तेव्हा त्या आजीला मोशेच्या नियमशास्त्रापुढे उभे केले असते, तरी तिच्यावर दोष ठेवता आला नसता.

नव्या करारात तर हा मार्ग अधिकच मोकळा झाला आहे. बाहेरून आत जाणारे अन्न मनुष्याला विटाळवीत नाही, हे प्रभूने मार्क ७ मध्ये शिकवले. यापो येथे शिमोन चांभाराच्या घराच्या धाब्यावर पेत्राला जो दृष्टान्त झाला, त्याचाही आशय हाच (प्रेषितांची कृत्ये १०). देवाने निर्माण केलेले प्रत्येक अन्न उपकारस्तुतीने घेण्याजोगे आहे, असे पौल तीमथ्याला लिहितो (१ तीमथ्य ४:४). आणि आपला पुनरुत्थित प्रभू शिष्यांच्या देखत भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन जेवला (लूक २४:४२-४३). मासा खाणे हे ज्या धन्याने आपल्या पुनरुत्थानाची साक्ष म्हणून केले, त्याच्या सेवकांना मासा निषिद्ध कसा असेल?

येथे व्यवहाराचीही एक सूचना करून ठेवतो, कारण शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि त्याची काळजी घेणे हाही धर्मच आहे. मरून किती वेळ झाला हे ठाऊक नसलेला मासा खाऊ नये. माशाचे मांस उष्ण हवेत लवकर नासते. रोगाने मेलेला मासाही टाळावा. हल्ली घरोघरी काचेच्या पेट्यांत शोभेचे मासे ठेवतात. त्यांच्यावर बुरशी येऊ नये म्हणून पाण्यात निळी-हिरवी औषधे घालतात. ती औषधे खाण्याच्या माशांसाठी नव्हेत. असा मासा कितीही ताजा दिसला तरी स्वयंपाकघरात नेऊ नये. आजीच्या हौदात औषध नव्हते, आणि प्रवरेकाठी जन्मलेल्या त्या बाईला माशाची पारख होती. परंतु प्रत्येक घरात तशी पारख असतेच असे नाही.

२. त्याच वचनाचे उरलेले अर्धे

निकाल झाला असे आपणांस वाटेल. पण अनुवाद १४:२१ हे वचन अजून संपलेले नाही. आपोआप मेलेल्या पशूचा नियम सांगून झाल्यावर त्याच वचनात, त्याच दमात, आणखी एक आज्ञा येते. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये.

ही आज्ञा शास्त्रात तीन वेळा आली आहे (निर्गम २३:१९, ३४:२६, अनुवाद १४:२१). तिच्या कारणाविषयी पंडितांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ती कनान्यांची मूर्तिपूजक रीत असावी. परंतु एक गोष्ट साध्या वाचकालाही कळते. करडू खाण्यास मनाई नाही. दूध पिण्यासही मनाई नाही. करडू शुद्ध, दूधही शुद्ध. तरी जे दूध त्या करडाला जगवण्यासाठी होते, त्याच दुधात त्याला शिजवू नये. येथे प्रश्न अन्नाचा नाही, नात्याचा आहे.

शास्त्रात अशी कोवळीक ठिकठिकाणी आढळते. घरट्यात पक्षीण पिल्लांवर बसलेली असेल तर पिल्लांबरोबर तिलाही धरून नेऊ नये (अनुवाद २२:६-७). नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो (नीतिसूत्रे १२:१०). निनवेवर दया करताना देव तिच्यातल्या पुष्कळ गुराढोरांचीही आठवण योनाला देतो, आणि त्या स्मरणावरच ते पुस्तक संपते (योना ४:११). बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीसुद्धा देवाच्या दृष्टीआड होत नाही (लूक १२:६). चिमणी विकली जाते, खाल्लीही जाते. प्रभूने तो बाजार बंद पाडला नाही. परंतु बाजारात जिची किंमत जवळजवळ शून्य, तिचीही पित्याच्या घरी नोंद आहे, हे मात्र त्याने सांगितले.

मग त्या मुलाचे म्हणणे काय होते? मासे खाऊ नयेत, असे त्याचे म्हणणे नव्हते. तो स्वतः आवडीने मासे खात होता. ज्याला आपल्या हाताने भरवले, नाव दिले, त्याला त्याच घरात, त्याच हातांनी, त्याला न सांगता कढईत घातले, हे त्याचे दुःख होते. त्याला अनुवादातले ते वचन ठाऊक नव्हते. परंतु देवाने ज्या कारणासाठी ते वचन दिले असावे, ते कारण त्या लेकराच्या हृदयात आधीच लिहिलेले होते. त्याला वेडेपणा म्हणून उडवून लावण्याचा अधिकार आपणांस नाही.

३. आजी कोणत्या शाळेत शिकली?

आता आजीकडे पाहू. तिला निर्दय म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे होणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात ती चौदा-पंधरा वर्षांची होती. ज्यांनी ते वर्ष पाहिले आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. विहिरी कोरड्या पडल्या, गुरे कवडीमोलाने गेली, आणि गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघाली. कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. त्या पोरीने दिवसभर हातोडा चालवून संध्याकाळी धाकट्या भावंडांसाठी सुकडी ओच्यात बांधून नेलेली आहे. सांडलेली सुकडी मातीतून टिपून खाल्लेली आहे. आपल्या समाजातल्या कित्येक घराण्यांचा पूर्वेतिहास तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांपाशी जाऊन थांबतो. अन्नासाठी वणवण करणाऱ्या अनाथ लेकरांना मिशनच्या आश्रमांत आसरा मिळाला आणि तेथून आपली वंशावळ सुरू झाली. अन्न मातीत टाकू नये, हा त्या पिढ्यांचा अलिखित दहा आज्ञांमधला एक नियम होता.

आणि त्यांच्या पाठीशी प्रभूचा शब्द आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर, जेथे अन्नाला काही तोटा नव्हता तेथेसुद्धा, उरलेले तुकडे गोळा करण्यास त्याने सांगितले, ते यासाठी की काही फुकट जाऊ नये (योहान ६:१२). त्या तुकड्यांच्या बारा टोपल्या झाल्या.

तेव्हा आजीने जे केले ते लोभाने केले नाही, तर एका प्रकारच्या आदराने केले. तिच्या लेखी मेलेल्या माशाला उकिरड्यावर फेकून मांजराच्या तोंडी देणे हा त्याचा अपमान होता, आणि घरच्या मुलांच्या पोटी लावणे हा त्याचा मान होता. तिची चूक एकच झाली. ज्याची गोष्ट होती त्याला तिने विचारले नाही. नातू शाळेतून येईपर्यंत ती थांबली नाही, कारण मासा थांबत नाही, हे तिला माहीत होते. परंतु कित्येकदा अन्न वाया जाण्यापेक्षा मन वाया जाणे महाग पडते, हे त्या घाईत तिच्या ध्यानात आले नाही.

४. गरिबाची मेंढी

पाळलेल्या आणि मग शिजवलेल्या प्राण्याची एक गोष्ट पवित्र शास्त्रात आहे. ती आपणां सर्वांना पाठ आहे. पण ती आपण या नजरेने क्वचितच वाचतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली ती गोष्ट होय (२ शमुवेल १२). एका गरीब मनुष्याजवळ एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या प्याल्यातून पिई, त्याच्या उराशी निजे. ती त्याला मुलीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची ती मेंढी नेऊन पाहुण्यासाठी शिजवली.

नाथानाला गोष्ट सांगण्यासाठी जगातली कोणतीही वस्तू निवडता आली असती, शेत, सोने, घर काहीही. आत्म्याने त्याला घरात वाढलेली मेंढी सुचवली. कारण पाळलेल्या प्राण्यावरचे प्रेम हे इतके निर्मळ आणि इतके निराधार असते की, त्यावर झालेला घाव ऐकून पाषाणहृदयी मनुष्यही पेटतो. दावीद पेटला. त्या श्रीमंताला मरणदंड योग्य आहे, असे तो रागाने बोलून गेला.

माझ्या मनात प्रथम असे आले की, या गोष्टीतला गरीब म्हणजे तो मुलगा. परंतु मग श्रीमंत कोण? आजी तर श्रीमंत नव्हे. तिने कोणाचे लुबाडले नाही, जिवंताला मारलेही नाही. गोष्ट नीट बसेना. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, मी चुकीच्या पात्राकडे पाहत होतो. नाथानाच्या गोष्टीतले खरे पात्र गोष्टीच्या बाहेर, सिंहासनावर बसलेले आहे. दाविदाचा राग खरा होता. पण त्या रागाच्या खाली त्याचा स्वतःचा दोष दडलेला होता. दुसऱ्याच्या अपराधावर तो जितका मोठ्याने ओरडला, तितका त्याच्या आतला आवाज दबला गेला. आणि नाथानाने बोट वळवले ते त्याच्याचकडे.

प्रियजनहो, आपला राग पुष्कळदा असाच असतो. तो सर्वस्वी खोटा नसतो, पण सर्वस्वी दुसऱ्याचाही नसतो.

५. बलवान कोण, दुर्बल कोण?

रोम येथील मंडळीत खाण्यापिण्यावरून तट पडले होते. एक म्हणे, सर्व काही खाता येते; दुसरा केवळ भाजीपाला खाई. पौल मत देतो की, कोणताही पदार्थ स्वतः निषिद्ध नाही. म्हणजे शास्त्रार्थ एकाच्या बाजूने लागला. परंतु जिंकलेल्या पक्षाला तो लगेच थांबवतो. तुझ्या अन्नामुळे तुझा भाऊ दुःखी होत असेल, तर तू प्रीतीने चालत नाहीस, असा त्याचा आशय आहे. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला, त्याचा नाश तू आपल्या जेवणाने करू नकोस (रोम १४:१४-१५). करिंथकरांना तर तो याहून पुढे जाऊन सांगतो की, भावाला अडखळण होत असेल तर मी स्वतः मांस कधीही खाणार नाही (१ करिंथ ८:१३). आणि देवाचे राज्य खाण्यापिण्यात नाही, याची तो आठवण देतो (रोम १४:१७).

येथे पौल खाणाऱ्याला जसा बोलतो, तसाच न खाणाऱ्यालाही बोलतो, हे आपण विसरतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये (१४:३). आपल्या घरांत हे दोन्ही अपराध रोज घडतात. शिकलेली सून सासूच्या जुन्या रीतींना हसते, आणि सासू सुनेच्या नव्या रीतींना अधर्म म्हणते. मोठी माणसे लहानांच्या दुःखाला पोरखेळ म्हणतात, आणि लहानांना मोठ्यांच्या भुकेचा इतिहास ठाऊक नसतो. आपण कोणत्या बाजूला बलवान आहोत, याचा शोध आपण सहज घेतो. कोणत्या बाजूला दुर्बल आहोत, याचा घेत नाही.

मी त्या बंधूंना उत्तर लिहिले. त्यात निकाल दिला नाही. दोन गोष्टी मात्र सुचवल्या. एक, आईला विनंती करा की १९७२ सालची हकीकत तिने नातवाला सांगावी; समजूत घालण्यासाठी नव्हे, केवळ सांगावी. दुसरी, कौटुंबिक प्रार्थनेत २ शमुवेल १२ वाचा, आणि वाचल्यावर कोणावरही भाष्य करू नका.

६. दुसरे पत्र

महिन्याभराने दुसरे पत्र आले. ते मी जपून ठेवले आहे.

आजीने गोष्ट सांगितली. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता, जवळ आला नाही. सांगून झाल्यावर आजीने त्याची क्षमा मागितली. "बाळा, मी तुला विचारायला पाहिजे होतं. मासा तुझा होता," एवढेच ती म्हणाली. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीने घरातल्या सर्वांत लहानाची क्षमा मागितली. त्या बंधूंनी लिहिले आहे की, आपल्या उभ्या आयुष्यात आपण आईला कोणाची क्षमा मागताना पाहिले नव्हते.

आणि मग तो मुलगा मोठ्याने रडू लागला. आजीने मासा खाल्ला म्हणून नव्हे. त्याने जे सांगितले ते असे. आदल्या संध्याकाळी हौदाशी एक बोका घुटमळताना त्याला दिसला. काळूला बोक्याने नेऊ नये म्हणून त्याने शेजारच्या मुलाच्या मदतीने हौदावर सपाट फरशी सरकवून तो पुरता झाकून टाकला. रात्री धोधो पाऊस पडला. पन्हळीचे पाणी फटीतून आत जात राहिले आणि हौद फरशीला टेकेपर्यंत भरला.

वाचकहो, मरळ माशाची एक विशेष गोष्ट आहे. तो केवळ कल्ल्यांवर जगत नाही. त्याला मधूनमधून पाण्याच्या वर येऊन हवा घ्यावी लागते. म्हणूनच तो बाजारात पाण्याबाहेर इतका वेळ टिकतो. आणि म्हणूनच त्याला वर येऊ दिले नाही, तर तो पाण्यात असूनही गुदमरून मरतो. हौदात पाणी भरपूर होते. वर श्वासापुरती जागा नव्हती.

त्या दुपारी आजीने सांगितले होते की, पाणी काठोकाठ होते आणि वर फरशी होती. मुलाला तेव्हाच सर्व उमजले होते. वाटीच्या आवाजाला काळू वर येऊन हवा गिळतो, हे त्याच्याइतके कोणी पाहिले नव्हते. तीन आठवडे तो आजीकडे पाहत नव्हता, तो आजीचा अपराध मोठा वाटत होता म्हणून नव्हे, तर आपला सहन होत नव्हता म्हणून. नऊ वर्षांच्या जिवाने ते ओझे एकट्याने वाहिले. आजीने क्षमा मागितली तेव्हा तिच्यावर रागावण्याचा त्याचा आधार तुटला, आणि खालचे दुःख वर आले.

आजीने त्याला कुशीत घेतले. त्याला तिने असे सांगितले नाही की तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, "तू त्याला वाचवायला गेलास. मी अन्न वाचवायला गेले. दोघांच्याही हातून चुकलं. देवाला दोघांचंही ठाऊक आहे." तिने काटे त्या दिवशीच अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरले होते. ती जागा तिने त्याला दाखवली. दोघांनी तेथे उभे राहून प्रार्थना केली. पुढच्या पहिल्या रविवारी आजी प्रभूच्या मेजाजवळ गेली.

७. आपण काय शिकावे?

प्रिय बंधुभगिनींनो, आता या हकीकतीतून आपल्या जीवनाकडे वळू.

पहिली गोष्ट ही की, ज्यांवर आपण प्रीती करतो त्यांना आपणही कधीकधी असेच झाकून टाकतो. मुलाला वाईट संगत लागू नये म्हणून बाप एवढे कडे करतो की, मुलाला श्वास घेण्यास जागा राहात नाही. मुलीला वारा लागू नये म्हणून आई फरशी सरकवते. मंडळीचे वडीलही तरुणांच्या बाबतीत हेच करतात. हेतू बोक्यापासून वाचवण्याचा असतो. पण जिवाला वर येण्यासाठी जागा लागते. आपला जीव प्रार्थनेने वर येऊन देवाचा श्वास घेतल्यावाचून जगत नाही. संसाराचे पाणी कितीही मुबलक असले, तरी त्याने ती गरज भागत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत ज्या घरात कामाची फरशी काठोकाठ बसलेली आहे, तेथे जीव गुदमरल्याचे आपणांस बाहेरून कळतही नाही.

दुसरी गोष्ट ही की, ज्याच्यावर आपण रुसलो आहोत, त्याच्या पाठीमागे एखादे १९७२ साल असू शकते. त्याला दोषी ठरवण्यापूर्वी त्याची हकीकत ऐकून घ्यावी. आणि आपल्या स्वतःच्या रागाच्या तळाशी एकदा वाकून पाहावे. तेथे कदाचित आपणच सरकवलेली एखादी फरशी सापडेल.

तिसरी गोष्ट ही की, बरोबर असणे पुरेसे नाही. शास्त्राप्रमाणे आजी बरोबर होती. तिने काही निषिद्ध खाल्ले नव्हते. तरी क्षमा मागण्यासाठी तीच आधी पुढे आली. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३-२४), तेव्हा दोष कोणाचा आहे याची चौकशी त्याने आधी लावली नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, एवढे स्मरण पुरे. आपल्या कित्येक मंडळ्यांत लोक वर्षानुवर्षे एकाच मेजावरून भाकर घेतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. त्या अशिक्षित आजीला जे कळले, ते आपणां शिकलेल्यांना कळू नये काय? मेजापासून एक महिना दूर राहिलेली ती बाई आपल्या वरवरच्या उपस्थितीपेक्षा त्या मेजाचा मान अधिक राखून होती.

तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावले, त्याचे स्मरण होते (योहान २१:९-१२). त्या शिष्यांमध्ये पेत्र होता. असल्याच एका विस्तवाजवळ शेकत उभा असताना त्याने प्रभूला नाकारले होते (योहान १८:१८, २५). प्रभूने प्रथम त्याला जेवू घातले, आणि मग प्रीतीविषयी विचारले. जेवण हा त्याच्या क्षमेचा आरंभ होता. आपल्या घरातले ताट हे न्यायासन होऊ नये, ते तो विस्तव व्हावे, अशी त्याची इच्छा आहे.

वाचका, आज रात्री जेवायला बसशील तेव्हा आपल्या शेजारची जागा पाहा. तेथे बसणारे कोणी आज बसत नाही काय? असल्यास घास उचलण्यापूर्वी ऊठ आणि त्याच्याकडे जा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हांला अन्न देतोस आणि अन्नाबरोबर माणसेही देतोस. अन्न वाचवताना माणसांची मने आमच्या हातून सांडू नयेत, असे कर. आमच्या रागाच्या खाली दडलेले आमचे अपराध आम्हांला दाखव, आणि दाखवल्यावर आम्हांला कुशीत घे. ज्यांना आम्ही झाकून टाकले आहे, त्यांच्यावरची फरशी दूर करण्यास आम्हांला बळ दे. आमच्या घरांतली आणि मंडळ्यांतली मेजे तुझ्या नावाला शोभतील अशी होऊ दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.